सीब ते सहार, अडीच तास

त्या रात्री मला झोप लागली नाही ती अडीच तासांमुळे.

मस्कतच्या सीब विमानतळावरून सुटलेलं विमान मुंबईला सहारला पोचायला अडीच तास घेतं, असं पनवेलच्या तिकीटवाल्याने सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या विमानातून माझा नवरा यायचा होता. दोन वर्षांनी यायचा तो मधे कंपनी बदलल्यामुळे चार वर्षांनी येत होता. विमान उडेपर्यंत शोएब तिथला, उतरला की इथला, एवढं मला कळत होतं. पण मधल्या अडीच तासांत माणूस कुठला असतो? खाली समुद्र, वर काही नाही, आणि कुणी विचारलं की शोएब कुठे आहे, तर उत्तर कुणाकडेच नाही. असले प्रश्न मोठ्याने विचारायची सोय नव्हती. "बी.एस्सी. झालीस ना तू, नूरीन? तेही गणितात," असं माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे म्हणायची पद्धत आहे.

दुसरी काळजी आमच्या मुलीची, तूबाची. तो गेला तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती, आता पाचची झाली होती. तिला बाप माहीत होता तो एका फोटोतून आणि शुक्रवारच्या फोनमधून. फोटोत शोएबने निळा शर्ट घातलाय, केस दाट आहेत आणि छातीपासून वरचाच भाग आहे. मी रोज झोपताना तो तिच्यापुढे धरायची. हे कोण? अब्बा. दार वाजलं की कोण येणार? अब्बा. पोपटासारखी म्हणायची. मला त्याचा फार अभिमान होता. त्या रात्री मात्र अंधारात पडल्यापडल्या वाटलं, मी या मुलीला बाप नाही शिकवला, दार वाजलं की उघडायचं एवढंच शिकवलं.

शेवटी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर तूबाच्या पेन्सिलीने हिशेब मांडला. विमान दहाला सुटणार. अडीच तास म्हणजे साडेबाराला उतरणार. सामान आणि कस्टमचा दीड तास. सहार ते कामोठे आणखी दीड तास. साडेतीन. त्याच्याखाली आधीच एक आकडा होता, १३८०. आठवड्यापूर्वी तूबाने विचारलं होतं, अब्बा किती लांब आहेत, म्हणून आम्ही दोघींनी शाळेच्या नकाशावर मस्कतपासून मुंबईपर्यंत दोरा लावून अंतर मोजलं होतं. दोरा थोडा ढिला होता की ताणलेला, देव जाणे. मी फराजला, माझ्या दिराला, तो आकडा सांगणारही नव्हते. तो म्हणाला असता, "भाबी, विमान काय दोऱ्यावरून येतं?"

फराजच उरणहून जीप घेऊन भावाला आणायला जाणार होता. विमान किती वाजता उतरतं, हे त्याने तिकीटवाल्याला विचारून घेतलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "तुम्ही सांदणं करा भाबी, वेळेचं मी बघतो." म्हणून मी परत विचारलं नाही. मला काय गणित येत नाही? साडेतीन मी माझे काढले होते. माझ्याशिवाय ते कुणालाच माहीत नव्हते.

घर कामोठ्याच्या कडेला होतं. काशीमावशींच्या शेताच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर उभी राहिलेली तीन मजल्यांची इमारत. तळमजल्यावर मावशी, दुसऱ्यावर आम्ही. बाकीचे फ्लॅट विकले गेले होते, पण माणसं यायची होती. कुलपांवर गंज चढला होता. जिन्याला खिडकी ठेवायला गवंडी विसरला होता, त्यामुळे जिन्यात भर दुपारीही हात धरून उतरावं लागे. मागच्या खिडकीतून खाडीची दलदल दिसायची, पुढच्या खिडकीतून कळंबोलीकडे जाणारे लोखंडाचे ट्रक.

दुपारी दोनला काशीमावशी नटूनथटून वर आल्या. "नूरीन, भाचीची हलद हाय जुई गावाला. चावी तुज्याकडं ठेव. सोएबचा फोन येल त खाली जाऊन घे." आख्ख्या इमारतीत फोन त्यांच्याकडेच होता. मी चावी ओढणीच्या टोकाला बांधली. तूबाला बघून त्या म्हणाल्या, "बापाला वलखशील का गो?" तूबाने जोरात मान हलवली. मावशी हसल्या, आणि त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात उतरत उतरत बंद झाला.

त्यानंतर त्या इमारतीत आम्ही दोघीच होतो.

तीनच्या सुमाराला लाइट गेली. पंखा हळूहळू थांबला, आणि पंख्याखाली लपलेले आवाज एकेक करून बाहेर आले. नळाचा थेंब. पातेल्यात सांदणं वाफवताना झाकणाची बारीक थरथर. खालून जाणारा एखादा ट्रक, मग बराच वेळ काही नाही. घरभर नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा वास होता. खाडीकडून भरतीच्या चिखलाचा वास येत होता, तो त्यात मिसळत नव्हता, वेगळाच राहत होता. तूबा फोटो मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होते.

बरोबर साडेतीनला दार वाजलं.

तीन टकटकी. जोरात नाहीत. घरातल्या माणसाने वाजवावं तशा.

मला भीती वाटली नाही, हे आधी सांगते. आनंद झाला. लाज वाटावी इतका. चार वर्षांत मी जाड झालेय हा एकच विचार डोक्यात आला, आणि हिशेब बरोबर आला हा दुसरा. फराजला तोंडावर सांगायचं ठरवून मी धावले. तूबा माझ्याही पुढे. कडीवर हात ठेवला, आणि तेव्हा जाणवलं की जीपचा आवाज आला नव्हता. फराज खालच्या पायरीवरूनच "भाबी" म्हणून हाक मारतो, ती आली नव्हती. गल्फहून येणाऱ्या माणसाबरोबर टीव्हीचा खोका असतो आणि तो जिन्याच्या प्रत्येक वळणावर आपटतो. काही आपटलं नव्हतं.

दाराच्या भिंगाला डोळा लावला. काळं. जिना अंधारा होताच, पण हे त्याहून काळं होतं. पलीकडून कुणी बोट ठेवल्यासारखं.

"कोण?"

थोडा वेळ गेला. मग आवाज आला, "मी."

शोएबचाच आवाज. अगदी तोच, जो दर शुक्रवारी काशीमावशींच्या फोनमधून यायचा. तोच बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. परदेशच्या फोनवर आपण बोलतो आणि पलीकडचा माणूस एक श्वासभर थांबून मग उत्तर देतो ना, तसाच थांबून आलेला. दीड इंचाच्या लाकडापलीकडून.

"लवकर आलात," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

एक श्वास. "साडेतीनला... म्हटलं होतं ना."

त्याने म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं.

तूबा माझा कुर्ता ओढत होती. फोनवर ती दर वेळी जो प्रश्न विचारायची तोच तिने आताही विचारला, सवयीने. "अम्मी, अब्बांच्या घड्याळात आत्ता किती वाजले?"

"दोन," मी म्हटलं. मीही सवयीनेच. आपले साडेतीन म्हणजे त्यांचे दोन, मस्कत आपल्या दीड तास मागे. चार वर्षं दर शुक्रवारी पाठ केलेलं.

आणि कडीवरचा हात तिथेच राहिला.

दीड तास. मी दीड तास मिळवायला विसरले होते. दहाला सुटणार ते त्यांच्या दहाला. आपले साडेअकरा. त्यात अडीच तास म्हणजे विमान साडेबाराला नाही, दोनला उतरणार होतं. शोएब आत्ता फार तर सामानाची गाडी ढकलत सहारच्या बाहेर पडत असेल. कामोठ्याला यायला त्याला पाच वाजणार होते. गल्फमध्ये नवरा असलेली कुठलीही बाई झोपेतसुद्धा हा दीड तास विसरत नाही, आणि मी, गणितातली पदवीधर, विसरले होते.

स्वतःवर चिडायला मला एक क्षण मिळाला. पुढच्या क्षणी कळलं की चूक माझी होती तर बाहेर जे उभं होतं ते माझ्या चुकीच्या वेळेवर बरोबर आलं होतं. विमानाच्या वेळेने नव्हे. माझ्या पेन्सिलीच्या वेळेने.

तेवढ्यात खाली काशीमावशींच्या बंद घरात फोन वाजायला लागला.

ट्रिंग ट्रिंग, थांब. ट्रिंग ट्रिंग, थांब. ओढणीच्या टोकाची चावी माझ्या मुठीत होती. दोन जिने उतरले की फोन. आणि मधे ते.

"राहू दे," आवाज म्हणाला. या वेळी श्वासभर थांबला नाही. "तो फोन... राहू दे, नूरीन."

तूबाचा हात कडीपर्यंत पोचत होता. "अब्बा आले, उघड ना." मी तिला उचलून कडेवर घेतलं. ती हातपाय झाडायला लागली, मग एकदम शांत झाली आणि माझ्या खांद्यावरून मागे घरात बघत राहिली. मी आयतुल कुर्सी म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर विसरले. अशा वेळी लोकांना कुराणातल्या आयती ओठावर येतात म्हणे. मला आले ते प्रश्न. मी शिकवण्या घेते. कुणी न समजता पाठ करून आलंय का, हे मला दोन प्रश्नांत कळतं.

"विमान किती वाजता उतरलं?"

"साडेबाराला."

"सीबपासून सहार किती लांब?"

"तेराशे... ऐंशी."

मी घाबरले, पण खरं सांगू, त्या भीतीच्या मधोमध कुठेतरी राग होता, आणि तो वाढत होता. तो आकडा जगात कुठल्याही पुस्तकात नसणार. माझ्या आणि माझ्या मुलीच्या ढिल्या दोऱ्याचा आकडा होता तो.

"तुमच्या शेजारच्या सीटवर कोण बसलं होतं?" मी विचारलं. याचं उत्तर मला माहीत नव्हतं.

खालचा फोन थांबला. ट्रक नाही, नळ नाही. झाकणाची थरथरसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

"...तू सांग," आवाज म्हणाला.

मी दारापासून एक पाऊल मागे सरले.

"तू सांग ना... तू सांगशील तसं."

इतकं लाडीक. फोनवर तीन मिनिटं संपत आली की शोएब बोलायचा तसंच. आणि एक कबूल करते. माझ्या मनात शेजारच्या सीटवर कुणीतरी आकार घ्यायलाही लागलं होतं. एक म्हातारी, हातात माळ असलेली. मी ती तिथल्या तिथे पुसून टाकली. त्याला माझ्याकडून आता एक शब्दसुद्धा मिळणार नव्हता.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

तूबाला कडेवर तशीच घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. मागे वळून बघितलं नाही. आवाज येतच राहिला, नूरीन, नूरीन, आणि दारापासून इतकं आत आले तरी तो तेवढाच जवळ होता. छोटं घर, म्हटलं, आवाज घुमतो. तूबाच्या दप्तरातून खोडरबर काढला आणि कॅलेंडरवरचा हिशेब खोडायला लागले. आधी साडेतीन. मग साडेबारा. मग १३८०. इतक्या जोराने घासलं की कागद फाटला, त्याच्या मागे चुन्याची भिंत दिसली. बरोबर वेळ काय ती मला आता माहीत होती, आणि पाच लिहायला पेन्सिल हातात घेतलीही होती. मग ठेवून दिली. लिहायचंच नाही. येणारा त्याच्या वेळेने येईल.

"ऐक," मी मोठ्याने म्हटलं. कुणाकडे बघून म्हणायचं ते न कळून भिंतीकडे बघून म्हटलं. "साडेतीन माझे होते. तेराशे ऐंशी माझे होते. माझ्या चुका माझ्या आहेत. त्या अंगावर घालून माझा नवरा म्हणून कुणी उभं राहायचं नाही. माझ्या दारात नाही आणि माझ्या मुलीसमोर तर नाहीच."

नाव अर्ध्यावर तुटलं. "नू..." एवढंच. पुढे काही नाही.

खाली फोन पुन्हा एकदा वाजला आणि थांबला. मी हलले नाही. गॅस बंद केला, ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसले आणि तूबाला मांडीत घट्ट धरलं. पाणी, रॉकेल, वरवंटा, सगळं हाताशी होतं. माझ्यासारखी झुरळाला भिणारी बाई वरवंट्याकडे तशा नजरेने बघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तूबा झोपली नाही, रडलीही नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली होती. घाबरलीय, म्हटलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी जीपचा हॉर्न वाजला. "भाबी, ओ भाबी, दार उघडा, हात तुटले." मग जिन्याच्या पहिल्या वळणावर खोका आपटला. दुसऱ्या वळणावर आपटला. त्या आवाजाइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

तरी मी दार उघडलं नाही. आतूनच विचारलं, "शेजारच्या सीटवर कोण होतं?"

"काय?" फराज म्हणाला. "भाबी, कस्टमवाल्यांनी पण एवढं विचारलं नाही."

"तुला नाही विचारलं. यांना विचारलंय."

"केरळचा एक सुतार होता," दुसरा आवाज म्हणाला. घोगरा, दमलेला, जवळचा. श्वासभर न थांबता. "सीबपासून सहारपर्यंत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. लाळेचा डाग आहे अजून शर्टावर, बघ हवं तर. आणि साडेतीनला दोनदा फोन केला मी, उचलला का नाहीस? उघड आता, नूरीन, पाय दुखतायत."

उघडलं. शोएब होता. चष्मा लागला होता, समोरचे केस मागे गेले होते, शर्ट पिवळा होता, आणि त्याला सिगारेटचा वास येत होता, जी तो ओढत नाही असं मी चार वर्षं समजत होते. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. असं काहीच मी रचू शकले नसते. एरवी मी त्या सिगारेटवरून आठवडाभर बोलले नसते. त्या दिवशी मी त्याच्या खांद्यावरचा तो डाग हात लावून बघितला आणि दारातच रडले. फराज खोका घेऊन तसाच उभा. "भाबी, आधी मला आत घ्या, मग रडा."

पुढच्या काळात मी हे दोनतीन बायकांना सांगितलं. एकीने मांत्रिकाचा पत्ता दिला, एकीने डॉक्टरचा. काशीमावशींनी मात्र सगळं नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "घर सोरू नको. त्याला सोरायला लाव." मीही तेच म्हणते. आम्ही ते घर सोडलं नाही. शोएब परत गेला, परत आला, कितीदा सीब ते सहार झालं. मी वेळ लिहून ठेवत नाही, अंदाज बांधत नाही, तो काय करत असेल याचं चित्र मनात येऊ देत नाही. कुणी म्हणतं, कसली कोरडी बायको. असू दे.

एक गोष्ट मात्र मी शोएबलाही अजून सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी लाइट आल्यावर तो खोका उघडत होता आणि तूबा आतल्या खोलीच्या दारात उभी होती, बापाकडे यायला तयार नव्हती. मी तिला बाजूला घेतलं.

"सलाम कर जा अब्बांना."

"हे अब्बा नाहीत."

"आहेत. चष्मा लागलाय त्यांना, म्हणून वेगळे दिसतात."

"निळ्या शर्टाचे आहेत ते अब्बा."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिचे दोन्ही खांदे धरले. आवाज मी मुद्दाम खणखणीत ठेवला, ऐकणाऱ्या कुणालाही ऐकू जावा असा. "दुपारी जे आलं होतं ते अब्बा नव्हतं, तूबा. ते खोटं होतं. मी त्याला दार उघडलं नाही, हाकलून दिलं. गेलं ते."

तिने माझ्याकडे बघितलं. शिकवणीतली मुलं माझं उत्तर चुकलं की बघतात तसं. हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेताने ती म्हणाली, "पण बाहेर जाणार कुठून, अम्मी? तू दार तर उघडलंच नाहीस."